लेखनघराची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. दोन ओंजळींत मावेन एवढीच. माझ्या काठाचा एक टवका उडाला आहे, त्यामुळे माझा आवाज शेवटाकडे जरा थरथरतो. आज माझ्या लोलकाला दोरी नाही, म्हणून मला वाजता येत नाही. पण जे घडले ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. साच्यातून निघाले तेव्हा मी काळीकुट्ट होते. त्याच्या बायकोने मला घासून घासून उजळवले. तिथून मी एका सूतगिरणीच्या जेवणघरात गेले. जेवणाची सुट्टी सांगणाऱ्या घंटेवर कोण रागावणार? मी वाजले की कामकरी बाया कपड्यांवरचा कापूस झटकत हसत यायच्या. पुढे गिरणी बंद पडली. मी भंगारवाल्याच्या दुकानात एका फुटक्या बादलीत पडून राहिले. तिथे मला बाईंनी पाहिले.

बाई कॉलेजात शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा स्वतःचा प्रबंध त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर लिहिला होता, एका हाताने भाजी ढवळत. दूध उतू गेले की विचारही उतू जायचा, असे त्या सांगत. म्हणून त्यांनी गावाबाहेरच्या आपल्या घराचे लेखनघर केले. प्रबंध रखडलेली मुले सुट्टीत आठवडाभर तिथे राहायला येत. आल्या आल्या मोबाइल कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात जात. घरात फोन एकच, बाईंचा, दोन खोल्यांमधल्या बोळातल्या स्टुलावर. त्याच्याच वर चौकटीला मी टांगलेली. मी वाजले की लिहायला बसायचे, पुन्हा वाजले की उठायचे. मधल्या वेळात कुणी कुणाशी बोलायचे नाही.

किती जण पाहिले मी! एकजण कानावर पेन ठेवून घरभर पेन शोधायचा. एकाला सगळे ‘तळटीप’ म्हणायचे, कारण त्याच्या प्रत्येक वाक्याला खुलाशाचे शेपूट असे. मीठ मागतानासुद्धा तो मीठ का हवे ते सांगायचा. स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्याला म्हणायच्या, बाबा, आधी जेव, मग पुरावा दे.

आणि एक ती होती. तिचे टोपणनाव ‘उद्या’. शेवटचे प्रकरण कधी संपणार असे विचारले की ती ‘उद्या’ म्हणायची आणि स्वतःच हसायची. लेखनघरात ती तिसऱ्यांदा आली होती. दिवसा एका शाळेत नोकरी, संध्याकाळी घर, त्यातून उरलेल्या वेळात प्रबंध. त्या वेळी तिला सोडायला तिचे वडील आले होते.

वडील बसदुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर होते. ते बोलताना अडखळत. एकेका शब्दापाशी मान ताठ होई, डोळे मिटत, आणि मग शब्द बाहेर येई. मुलीने प्रबंधाला विषय घेतला होता तोही अडखळत बोलणाऱ्या मुलांचाच. बाईंना ती सांगत होती, की अशा मुलाला सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो, तर लोक त्याचे वाक्य घाईने आपणच पुरे करून टाकतात याचा. मुलाला सांगायचे असते एक, लोक ऐकतात दुसरे, आणि मग मूल हळूहळू बोलणेच सोडून देते. वडील शेजारी उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी मला नखाने टिचकी मारली आणि कान देऊन ऐकले.

“आ... आवाज चांगला आहे,” ते म्हणाले. मग हसून म्हणाले, “मा... माझा नाही. हिचा.”

जाताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. आता पुरे करूनच ये, एवढेच बोलायला त्यांना बराच वेळ लागला. ती शांतपणे थांबली. एकही शब्द तिने पुढे होऊन पुरवला नाही.

आठवडा सरत आला तेव्हा एका सकाळी फोन वाजला. सगळे आत लिहीत होते. तिच्या धाकट्या भावाचा फोन होता. वडिलांच्या छातीत दुखू लागले म्हणून त्यांना दवाखान्यात दाखल केले होते. धोका टळला आहे असे डॉक्टर म्हणत होते. आणि ताईला सांगू नका असे बाबांनीच सांगितले आहे, असे तो म्हणत होता. तिला बोलवावे असे बाईंनी दोनदा सुचवले. भावाने दोन्ही वेळा नको म्हटले. बाई रिसीव्हर ठेवून कितीतरी वेळ स्टुलापाशी उभ्या राहिल्या. दाराच्या फटीतून ती दिसत होती, वहीवर वाकलेली, पाय खुर्चीवर घेऊन. बाईंना स्वतःचा ओटा आठवला असेल का? मला ठाऊक नाही. त्यांनी दार हळूच लोटून घेतले. मित्रांनो, उठवणे हे माझे काम, पण दोरी दुसऱ्याच्या हातात.

त्या दिवशी जेवताना ती बाईंच्या समोरच बसली होती. तिने भात दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. पुन्हा भावाचाच. वडील गेले होते.

बाई दारापर्यंत गेल्या. तिने मान वर केली आणि हाताने खूण केली, थोडेच राहिले आहे, अगदी थोडे. तिचा चेहरा उजळला होता. आणि बाई मागे फिरल्या. थोडेच तर राहिले आहे, ते तरी होऊ दे, असे त्यांना वाटले असावे. माणसे वाईट नसतात, मित्रांनो. बाई तर मुळीच नव्हत्या. चहाची वेळ झाली तरी त्या मला वाजवायला आल्या नाहीत. तेव्हा तीच स्वयंपाकघरातून दोन कप घेऊन आली. एक तिने बाईंच्या हातात दिला, बाहेर किती छान ऊन पडले आहे असे म्हणाली, आणि परत लिहायला गेली.

ऊन कलले तेव्हा ती बाहेर आली. हातात एकच पान होते. प्रकरण संपले होते, आणि त्याच भरात तिने ऋणनिर्देशही लिहून काढला होता.

“बाई, हे एकदा वाचा ना,” ती म्हणाली. “बाबांना फोनवर वाचून दाखवायचंय. चूक राहायला नको.”

बाईंनी पान घेतले. वाचले. मग तिला खाली बसवून सांगितले.

ती रडली नाही. तिने विचारले, “तुम्हाला कधी कळलं?”

“आजारी आहेत ते काल. आणि हे दुपारी.”

“दुपारी मी तुम्हाला चहा दिला,” ती म्हणाली.

तिने स्टुलावरचा फोन ओढून भावाला लावला. भाऊ रडत होता. ताईला सांगू नको म्हणून बाबांनीच सांगितले होते, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

“त्यांचे शब्द काय होते ते सांग,” ती म्हणाली. “तुझे नको. त्यांचे.”

मी फोनच्या अगदी वर टांगलेली, म्हणून पलीकडचा आवाजही मला ऐकू येत होता. भाऊ आठवून सांगत होता. बाबा म्हणाले, ताईला. मग बराच वेळ अडले. मग म्हणाले, नको. मी विचारलं, सांगायला नको ना? त्यांनी डोळे मिटले. मी हो समजलो.

“शब्द अडला की ते डोळे मिटतात,” ती म्हणाली. “तुला माहीत आहे ना? त्यांचं अजून पुढे होतं.”

ताईला उशीर नको, म्हणायचे होते? ताईला सोडून जायला नको? की खरोखरच ताईला सांगायला नको? कुणाला कळणार? तिने फोन ठेवला.

तळटीप तिला गाडीवर बसवून घरी पोचवायला गेला. वाटेत तो एक शब्दही बोलला नाही, असे त्याने नंतर मावशींना सांगितले. जाताना तिने ते पान मागून घेतले नाही. बाईंच्या मांडीवर ते तसेच राहिले. मावशी हलवत होत्या, तरी बाई उठल्या नाहीत.

पुढे तिने प्रबंध दिला. पदवीही मिळाली. हे तळटीपनेच येऊन सांगितले. प्रबंधात ऋणनिर्देशाचे पान नव्हते. ती कशी आहे, असे बाईंनी विचारले. त्यावर तो म्हणाला, शाळेत जाते, मुलांना शिकवते, वडिलांविषयी बोलत नाही. बाईंना भेटायला ती कधीच आली नाही. बाईंनी तिला बोलावणे पाठवले नाही. कोणत्या तोंडाने बोलावू, असे त्या मावशींना म्हणत.

त्यानंतर लेखनघर भरले नाही. मुले विचारायला येत, बाई दारातूनच नाही म्हणत. एक दिवस त्यांनी स्टुलावर चढून माझी दोरी सोडली आणि गुंडाळून खिशात घातली. आता बाई बहिणीकडे राहतात. घर बंद आहे. फोनची तारही काढून नेली आहे. माझ्यात एका कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे.

मित्रांनो, आता माझे एवढे ऐका. कुणी मन लावून लिहीत असेल तर त्याला शांतता द्या. दार लोटा, पाय न वाजवता चाला. पण त्याच्या माणसाची बातमी आली तर दार उघडा आणि सांगा. तो रागावेल, पान अर्धे राहील, राहू द्या. जायचे की बसायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्या. प्रबंधाला मुदतवाढ मिळते. अर्ज करावा लागतो, सही आणावी लागते, पण मिळते.

त्या सकाळी तिला उठवायला हवे होते.