टाचेतली गाठ

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि बाइंडर म्हातारपणी पहिल्यांदाच स्वतःचा मोजा रफू करायला बसला. छत्तीस वर्षं त्याने छापखान्यात पुस्तकं शिवली होती, तेव्हा सुई-दोरा त्याला नवा नव्हता. पण घरातली सुई बायकोची. तिथे लुडबूड केलेली तिला खपत नसे.

त्याने गेलेला बल्ब मोज्यात सरकवला, टाचेचं भोक काचेवर ताणून धरलं, आधी उभे धागे घातले आणि मग त्यांतून आडवे, एक वरून एक खालून. अर्ध्या तासात टाच अशी सपाट झाली, की बोट फिरवलं तरी भोक सापडेना. आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण बायकोचं रफू सपाट नसायचं. धागा संपला की ती गाठ मारायची, चांगली वाटाण्याएवढी. लग्नानंतरच्या आठवड्यात तिचा पहिला मोजा घालून तो चार पावलं चालला आणि म्हणाला, "छान झालाय." नवा नवरा दुसरं काय म्हणणार? पुढे चाळीस वर्षं तो तेच म्हणत आला. टाचांना घट्टे पडले, चाल लंगडी झाली, पण शब्द फिरवला नाही. आता हा मोजा तिने पाहिला, तर सगळं पितळ उघडं पडणार होतं.

तेव्हा धंद्याची लाज गुंडाळून ठेवून त्याने शेवटी एक गाठ मारली.

बायकोने मोजा डाव्या हाताने उलटा केला.

"रफू तर झकास झालंय. मग ही गाठ कशाला?"

"तू मारतेस ना."

"मला सासूबाईंनी तसंच शिकवलं. तुम्ही पुस्तकांत मारायचात का एवढी?"

"छे. एवढी मारली तर पुस्तक मिटतच नाही."

"आणि पायाला चालते?"

बाइंडरने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं.

"टोचतं का हो?"

"थोडंसं."

"कधीपासून?"

"तुझी गाठ ना? लग्नानंतरचा मंगळवार असेल."

बायकोने अंगठ्याने ती गाठ दाबून पाहिली.

"मामंजीही असेच लंगडायचे," ती म्हणाली. "आमचे बाबा घर बघायला आले, तेव्हा तुमच्या काकांनी सांगितलं, घाबरू नका, ही घराण्याची चाल आहे."

"काकाही तसेच चालायचे."

"मोजे कोण शिवायचं त्यांचे?"

"आईच."

"आणि आपल्या मुलाला मी दोनदा डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आनुवंशिक आहे."

"आमच्यात बायकांना दुखवत नाहीत गं."

"टाचा दुखवता." तिने मोजा त्याच्या मांडीवर टाकला. "कापा ती गाठ. टोक आत ओवा. पेटीतले बाकीचे मोजेही काढा, सगळे."

एवढ्यावरच सुटलो, असं बाइंडरला वाटलं. त्याने हलक्या मनाने कात्री उचलली.

"आणि काय हो," बायको म्हणाली, "मी रोज सकाळी गाते, ते कसं असतं?"

बाइंडर खाली वाकून पलंगाखाली कात्री शोधू लागला. ती त्याच्या हातातच होती, हे दोघांनाही दिसत होतं.