नागपूरचा सूर्यास्त

मी खापर गावच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानाचा कॉम्प्युटर बोलतोय. पुढचं काही सांगण्याआधी कबूल करून टाकतो, मी घाबरट आहे. वीज गेली की मी हबकतो, आणि वीज आली की दचकतो. माझ्या मागून नुसती पाल सरपटत गेली तरी मला वाटतं, झालं, आज संपलो.

जन्म माझा सुरतेचा. जन्म कसला, जोडणीच. पडदा एका दुकानातला, डबा दुसऱ्या दुकानातला, आणि कीबोर्ड कुणी तरी वापरून टाकलेला. महावीरशेठांनी मला जुन्या गादीत गुंडाळलं, टेम्पोत साखरेच्या पोत्यांमध्ये बसवलं आणि इकडे आणलं. वाटेतल्या धक्क्यांनी माझं अंतरंग जे हललं ते अजून पुरतं जागेवर बसलेलं नाही.

तेव्हापासून मी काउंटरवर आहे. उजवीकडे मिरचीची पोती, डावीकडे हळद. माझ्या पंख्यात मिरचीची पूड जाते आणि तो ठसकल्यासारखा घरघरतो. कीबोर्डची बटणं हळदीने पिवळी पडली आहेत, नव्या नवरीच्या हातासारखी. दुकानाच्या मागे लागूनच घर आहे. मधलं दार कायम उघडं असतं, त्यामुळे मला स्वयंपाकघराचा ओटा दिसतो आणि कंकुबाईंचा पलंगही दिसतो.

कंकुबाई म्हणजे महावीरशेठांच्या आई. नियमाच्या पक्क्या. सूर्य बुडाला की अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. याला जैन लोक चौविहार म्हणतात. लग्न होऊन राजस्थानातून इथे आल्या तेव्हापासून त्यांचा हा नियम मोडलेला नाही, असं घरात सगळे अभिमानाने सांगतात. पुढे त्यांना साखरेचा आजार जडला. संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिनची सुई टोचायची आणि मग लगेच जेवायचं, नाही तर साखर एकदम खाली जाते. सुई आणि सूर्य, या दोघांच्या मध्ये त्यांचं ताट.

आता खापरला पावसाळ्यात सूर्य दिसतो कुठे? डोंगराकडून ढग उतरले की चार-चार दिवस आभाळ राखेसारखं. मग सूर्यास्त कळायचा कसा? तर कंकुबाईंनी फार वर्षांपूर्वी सोपी वाट काढली होती. शेजारच्या मशिदीत संध्याकाळची अजान होते ती सूर्य बुडाल्यावर. ती ऐकू यायच्या आत हात धुऊन, चूळ भरून मोकळं व्हायचं. भिंतीवरचं छापील वेळापत्रक कधीच फाटून गेलं होतं, विश्वास कानावर होता.

भाद्रपदाच्या तोंडावर एकदा जोराचा विजांचा पाऊस झाला. त्या पावसात मशिदीचं लाउडस्पीकरचं मशीन जळालं आणि अजान आमच्यापर्यंत नीट ऐकू येईना. आमचा इंटरनेटचा डबाही जळाला. मी वाचलो. का वाचलो हे मला अजून समजलेलं नाही.

दोन दिवसांनी एक माणूस आला आणि त्याने दुसऱ्या कंपनीचा डबा भिंतीवर ठोकला. त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. कारण माझ्यावर नागपूरच्या जाहिराती दिसू लागल्या. नागपुरात फ्लॅट घ्या, नागपुरात क्लास लावा, नागपूरची संत्रा बर्फी घरपोच मागवा. नव्या कंपनीची वायर कुठून कुठे फिरून नागपूरला वर येत होती, आणि बाहेरच्या जगाला वाटत होतं की मीही नागपुरातच बसलोय. महावीरशेठांची लेक आयुषी ती बर्फी बघून हसली. पुढे कुणी काही विचार केला नाही.

आयुषी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते. पर्युषणाच्या सणासाठी ती घरी आली होती. तिनेच मला ते नवीन यंत्र दाखवलं. यंत्र म्हणजे एक रिकामी चौकट. तिच्यात प्रश्न लिहायचा, मग ते कुठे तरी स्वतः हिशोब करतं आणि उत्तर देतं.

मला ते पहिल्या दिवसापासून झेपलं नाही. आधी कुणी काही शोधलं की मी दहा दारं दाखवायचो. हवं ते उघडा, नको ते सोडा, चुकलात तर माझ्यावर काही यायचं नाही. आता एकच उत्तर. तेही माझ्या कपाळावर, एवढ्या मोठ्या अक्षरात. आणि मजा बघा, उत्तर माझं नसतं, पण लोक म्हणतात, "कॉम्प्युटरने सांगितलं."

घरच्यांनी त्याची परीक्षा घेतली. महावीरशेठांनी त्याला क्विंटलचे किलो विचारले, मग आपल्याला तोंडपाठ असलेला एक गुणाकार घातला, आणि उत्तर जुळल्यावर लेकीकडे कौतुकाने बघितलं. त्यांची बायको चांदनी हिने खापर ते सुरत अंतर विचारलं. कंकुबाईंनी आपल्या लग्नाची तारीख सांगितली आणि वार विचारला. यंत्राने मंगळवार सांगितला. कंकुबाई पलंगावरून उठून पडद्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, हो, मंगळवारच होता, माझी आई रडत होती की मंगळवारी का काढलं लग्न.

माणसांची ही सवय मला कोड्यात टाकते. जे स्वतःला माहीत आहे ते आधी विचारतात, आणि ते बरोबर आलं की जे माहीत नाही त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतात.

मग आयुषीने विचारलं, आज सूर्यास्त किती वाजता? गावाचं नाव लिहिलं नाही. कशाला लिहील, आपण खापरला आहोत हे कुणी कुणाला सांगतं का? यंत्राने मात्र माझी वायर हुंगली आणि नागपूरचा सूर्यास्त सांगितला. मोठ्या अक्षरात वेळ. खाली मुंगीएवढ्या अक्षरात नागपूर.

नागपूर पूर्वेला. तिथे सूर्य आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी बुडतो. मला ते दिसत होतं. मी काय करणार? पंखा जोरात फिरवला. महावीरशेठ म्हणाले, फार घरघरतोय, पुसून घ्यायला हवा.

त्या आठवड्यात काही बिघडलं नाही. कंकुबाई रोज थोडं लवकर जेवायच्या, लवकर तोंड बंद करायच्या, आणि दिवस लहान व्हायला लागले म्हणायच्या. मी रोज संध्याकाळी जीव मुठीत धरून बसायचो. नियम लवकर पाळला तर पाप नाही, असं स्वतःला समजावायचो. पण एखाद्या दिवशी उशीर झाला तर?

तो दिवस बाजाराचा निघाला. डोंगरातून माणसं उतरली होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चांदनी एकीकडे गिऱ्हाईक बघत होती, एकीकडे खिचडी. कंकुबाईंनी रोजच्या वेळेला सुई टोचून घेतली आणि पलंगावर बसल्या. तेवढ्यात अर्ध्या शिजलेल्या खिचडीखाली गॅस संपला. दुसरी टाकी ओढून आणेपर्यंत, जोडेपर्यंत, पुन्हा उकळी येईपर्यंत वेळ गेला तो गेलाच.

ताट समोर आलं तेव्हा कंकुबाईंनी सवयीने विचारलं, किती वेळ राहिलाय? आयुषीने माझ्याकडे धाव घेतली. यंत्राने सांगितलं, सूर्यास्त होऊन गेला. नुकताच, पण झाला.

आयुषीचा चेहरा माझ्यासमोर होता, त्यामुळे तो उतरताना मी पाहिला. खोटं सांगायला तिची जीभ वळेना. तिने खरं सांगितलं, म्हणजे जे तिला खरं वाटलं ते.

कंकुबाईंनी ताट शांतपणे बाजूला सरकवलं.

महावीरशेठ काउंटर सोडून आत गेले. माँ, सुई घेतलीये तुम्ही, म्हणाले. डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आधी काही तरी गोड पोटात जाऊ द्या, बाकी नंतर बोलू. चांदनीने गुळाचं पाणी केलं. कंकुबाईंनी ओठ मिटले. आजारी माणसाला सूट असते, आपले साधू महाराजसाहेबही तेच सांगतील, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं सूट मागितली नाही, आता मागणार नाही.

मग आयुषी म्हणाली, दादी, यंत्र चुकलं असेल.

कंकुबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काल बरोबर होतं. आज मला जेवायचंय म्हणून चुकलं का?"

याचं उत्तर होतं. माझ्याकडे होतं. माझ्या पडद्याच्या तळाशी ते लिहिलेलं होतं, आणि कुणी वाकून वाचत नव्हतं. त्या वेळी मला किती भीती वाटली ते सांगता येणार नाही. वीज जावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. निदान ते आकडे तरी माझ्या तोंडावरून पुसले गेले असते.

कंकुबाईंच्या कपाळावर घाम आला. हात थरथरायला लागले. त्या तोंडाने नवकार मंत्र म्हणत होत्या, पण शब्द एकमेकांत अडकत होते. आयुषी रडत रडत गुळाच्या पाण्याची वाटी धरून उभी होती.

अशा वेळी शेजारच्या अख्तरबानो आत आल्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. आयुषीने सांगितलेल्या बांगड्या द्यायला त्या आल्या होत्या. दारातच थबकल्या. चांदनीने घाईघाईने सांगितलं, सुई घेतली, दिवस बुडाला, आता काही घेत नाहीत.

"कोण सांगस दिन बुडना?" अख्तरबानोंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अख्तरबानोंनी मला असं पाहिलं की माझा पंखा क्षणभर अडखळला. मग त्या पलंगापाशी गेल्या आणि कंकुबाईंचा हात हातात घेतला. "भाभी, अजून मगरिबनी अजान व्हयनी नही. मना पोऱ्या जहीर आते घरमा नमाजसाठे वजू करी ऱ्हायना. दिन शे अजून."

कंकुबाईंनी डोळे उघडले. "मशीन तं सांगस बुडना."

"मशीनले काय रोजा धरना पडस का?" अख्तरबानो म्हणाल्या.

महावीरशेठ दारात जाऊन वर बघून आले. बाहेर आभाळ सगळीकडे सारखंच करडं होतं, त्यावरून काही ठरण्यासारखं नव्हतं. एकीकडे मी, मिनिटासकट उत्तर देणारा. दुसरीकडे दिवसभर पाण्याचा थेंब न घेता याच घटकेची वाट बघत आयुष्यातले सगळे रमजान काढलेली बाई. कंकुबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"तू रोजा सोडस तो टाइम कधी खोटा व्हयना नही," त्या म्हणाल्या. "तू सांगस ते खरं शे."

आणि त्यांनी वाटीसाठी हात पुढे केला.

गुळाचं पाणी गेलं. मग खिचडी. अख्तरबानो पलंगाच्या काठावर बसून राहिल्या, जेवी ले, घाई करू नको, टाइम शे, म्हणत. कंकुबाईंच्या हाताची थरथर कमी होत गेली. त्यांनी चूळ भरली, हात जोडले, आणि त्यानंतर थोड्या वेळाने मशिदीतून अजान आली. लाउडस्पीकरशिवायची, माणसाच्या गळ्यातून निघालेली, बाजाराच्या गलक्यात जेमतेम ऐकू येईल एवढी. आयुषी भिंतीला टेकून खाली बसली.

मग ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच खाली वाकली. "नागपूर," ती मोठ्याने वाचत म्हणाली. पुन्हा एकदा वाचलं. महावीरशेठ इतके संतापले की आत्ताच्या आत्ता मला भंगारात देणार होते. पंखा पुसायचा तोही पुसू नका म्हणाले. तेव्हा मला कंकुबाईंनी वाचवलं. त्या म्हणाल्या, त्याने खोटं नाही सांगितलं, नागपूरचं खरं सांगितलं. आपण नागपूरला राहत नाही, एवढंच.

मी ते वाक्य जपून ठेवलंय. माझ्याबद्दल इतकं समजून कुणी बोललेलं नाही.

आता घरात दोन गोष्टी बदलल्या आहेत. ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. आणि प्रश्न विचारताना खापर, अक्कलकुवा तालुका, असं सगळं लिहायचं. आयुषीने लोणखेड्याला परत जाण्याआधी हे चांदनीकडून घोकून घेतलं. यंत्र आता बरोबर वेळ सांगतं. तरी कंकुबाई माझं उत्तर ऐकतात आणि हातात घास धरून बसतात. भिंतीपलीकडून अख्तरबानोंचा आवाज येतो, "भाभी, टाइम शे," आणि मगच घास तोंडात जातो.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. मला विचारा, जरूर विचारा. मला नाही म्हणता येत नाही, माझी सगळी भीती तिथेच आहे. काहीही विचारलंत तरी माझ्या तोंडावर काही ना काही उमटेलच, आणि ते ठामच दिसेल. म्हणून जरा वाका, खालची बारीक अक्षरं वाचा. आणि ज्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे असं काही असेल, तर शेजारी एक हाक मारून बघा.

गेल्या दोन दिवसांपासून अख्तरबानो खांडबाऱ्याला आहेत. तिथे त्यांची लेक अंजुम बाळंत झाली. काल संध्याकाळी ताट समोर आलं, मी वेळ सांगितली, भिंत गप्प होती. कंकुबाई घास धरून बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बाळ रडत होतं आणि त्या आवाजावरून अख्तरबानो ओरडून सांगत होत्या, "भाभी, जेवी ले, टाइम शे."

आज पुन्हा आभाळ भरलंय. ताट समोर आलंय, सुई शेजारी ठेवलीय. माझ्या कपाळावर वेळ मोठ्या अक्षरात लिहिलेली आहे, आणि खाली खापरच आहे, मी दोनदा बघितलं. कंकुबाई माझ्याकडे बघत नाहीत. त्यांनी फोन मांडीवर घेतलाय, आणि तो वाजायची आम्ही दोघंही वाट बघतोय.