मागचे दिवे

“तुम्हीच शिकवली का यांना गाडी?” हवालदाराने विचारलं.

“हो, आमच्याकडेच शिकल्या,” मी म्हणालो.

“मग अंधार पडल्यावर लाईट लावायचे असतात, हे नाही शिकवलं?”

श्यामलाताई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. त्या पटकन म्हणाल्या, “सरांनी सगळं शिकवलंय हो. मीच विसरले असेन.”

आणि मी काय म्हणालो? बावीस वर्षं नाशकात ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा नवनाथ सर मी! अर्ध्या कॉलेज रोडला मी क्लच सोडायला शिकवलाय. मी म्हणालो, “नवीन माणूस गडबडतं, साहेब.”

तेव्हा मला काही माहीत नव्हतं, असं आज सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण माहीत होतं. ताईंचा फोन आल्यावर धावत आलो तेव्हा, दहाच मिनिटांपूर्वी, मी त्यांच्या गाडीभोवती चक्कर मारली होती. घाबरून त्यांनी इंजिनही बंद केलं नव्हतं. पुढे दोन पांढऱ्या पट्ट्या लख्ख पेटलेल्या आणि मागे ठार अंधार. हे त्या विसरल्या नव्हत्या. हे मी शिकवलं होतं.

त्याचं असं झालं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी श्यामलाताई माझ्याकडे शिकायला आल्या. आई त्र्यंबकला एकटी राहते, आपल्याला गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही, म्हणून दर शनिवारी स्वतः गाडी घेऊन जायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. यजमानांनी, ढुंढिराजरावांनी, पहिल्याच दिवशी माझ्यासमोर सांगितलं, “सर, प्रयत्न करा. पण हिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.” त्या हसल्या आणि सीटबेल्ट लावून बसल्या. दीड महिन्यात अशी गाडी चालवायला लागल्या, की मीच शेजारी बसून डुलकी काढायचो.

मग त्यांनी नवी गाडी घेतली. तिच्यावर हात बसावा म्हणून आठ दिवस मी सोबत जायचो. भर दुपारी समोरून येणारा प्रत्येक दुचाकीवाला आम्हाला हाताची मूठ उघडून-मिटून दाखवायचा. म्हणजे बाई, तुमचा दिवा चालू राहिलाय! आपल्याकडे ही माणुसकी फार. ताई गोंधळायच्या. मी ऐटीत सांगायचो, “अहो, ते दिवसाचे दिवे आहेत. डीआरएल म्हणतात. लांबूनच गाडी नजरेत भरते. समोरचा ओव्हरटेक करताना दहादा विचार करतो. यांनी अपघात कमी होतात.”

हे सगळं खरं होतं. इथंच गप्प बसलो असतो तर!

“मग रात्री?” त्यांनी विचारलं.

“रात्रीही तेच. गाडी चालू केली की दिवे आपोआप. ही स्टिअरिंगजवळची दिव्यांची दांडी आहे ना, तिला हातच लावू नका. डिपर-अप्परच्या नादात नवीन बायकांचा गोंधळ होतो.”

“आणि मागचे?”

मागच्या सीटवर माझ्या दोन विद्यार्थिनी बसल्या होत्या. त्यांच्याकडे वळून मी हसलो आणि म्हणालो, “ताई, पुढे बघा. मागचं बघायला कंपनीचे इंजिनियर बसलेत!” पोरी खिदळल्या. ताई ओशाळल्या आणि पुढे बघायला लागल्या. माझी शिकवायची गाडी चौदा वर्षं जुनी. तिला हे दिवे नाहीतच. मला नव्या गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण “बघून सांगतो” हे दोन शब्द सर माणसाच्या तोंडून निघतात होय?

त्या शनिवारी संध्याकाळी त्र्यंबकहून परतताना महिरावणीच्या अलीकडे अंधारलं. ताई आपल्या हळूहळू चालल्या होत्या. समोरून येणाऱ्या बसचा फोकस मागच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांवर आला, आणि काळ्या रंगाची, मागे एकही दिवा नसलेली गाडी त्याला दिसलीच नाही. तो मागून येऊन धडकला. त्याचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

त्याचं नाव बुधा. पेठकडचा, सातपूरला बांधकामावर येणारा. मी केळी घेऊन त्याला दवाखान्यात भेटायला गेलो. पाय वर टांगलेला. मला कोण समजला कोण जाणे, आपणहून सांगायला लागला, “गाडी दिसलीच नाय सायेब. माझंच ध्यान नसंल. त्या बाईला काय बोलू नका, ती लय रडत होती.”

केळी स्टुलावर ठेवून मी बाहेर आलो. माझी चूक ताईंनी घेतली, मग बुधानेही घेतली. सगळे घेऊन मोकळे झाले आणि ज्याची होती तो मूग गिळून बसला. जिन्यात मला स्वतःची शिसारी आली.

तरी आठ दिवस गप्पच राहिलो. नवव्या दिवशी ढुंढिराजरावांचा फोन आला. “सर, गाडी विकायची आहे. कुणी गिऱ्हाईक असलं तर बघा. श्यामला आता चालवणार नाही म्हणते. मी आधीच सांगत होतो.”

त्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ताईंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली. अपघातानंतर त्या आईकडेही गेल्या नव्हत्या. ढुंढिराजराव म्हणत होते, “वय झालं की असं विसरायला होतंच. झेपेल तेवढंच करावं माणसाने.” आणि ताई मान डोलवत होत्या. ते मला बघवेना.

“ताई विसरल्या नाहीत,” मी म्हणालो. “मीच त्यांना चुकीचं शिकवलं. ते दिवसाचे दिवे फक्त पुढे लागतात. अंधारात दांडी फिरवावी लागते, तेव्हा मागचे लागतात. मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, तर मी पोरींसमोर त्यांची चेष्टा केली. हवालदारासमोरही खोटं बोललो. उद्या पोलीस ठाण्यात जाऊन हे लिहून देतो. बुधालाही सांगतो.”

ढुंढिराजरावांचा चमचा हातातच राहिला. मला वाटलं, आता ताई चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“त्या शनिवारी आईच्या दारातून निघताना मी गाडी चालू करून खाली उतरले होते,” त्या सावकाश म्हणाल्या. “मागे जाऊन बघितलं. एकही दिवा लागला नव्हता, सर. मला दिसलं होतं. पण म्हटलं, आपल्याला काय कळतंय? सर सांगतात म्हणजे बरोबरच असणार.”

मला मान वर करता येईना. या बाईने आपल्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला होता. आणि मी मागच्या सीटवरच्या दोन पोरींना हसवत होतो.

त्या उठल्या, चावी घेतली आणि जिना उतरायला लागल्या. “अगं, कुठे?” ढुंढिराजरावांनी विचारलं.

“आईकडे.”

मीही मागोमाग उतरलो. पार्किंगमध्ये त्या गाडीत बसल्या आणि इंजिन चालू केलं. काच खाली करून म्हणाल्या, “दांडी फिरवते. मागे उभे राहा, सर.”

मी मागे जाऊन उभा राहिलो. दोन लाल दिवे लागले.

“लागले, ताई!” मी ओरडून सांगितलं.

त्यांनी दार उघडलं, खाली उतरल्या, माझ्या शेजारून मागे आल्या आणि वाकून स्वतः बघितलं. आधी एक, मग दुसरा. मग माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसल्या.