मावशीच्या टेबलावरचा उजेड

शेवटी मला टेबलावरून उचलून वरच्या फळीवर टाकले. पण तसे काही झालेच नाही, असे धरून आपण सुरुवात करू.

मित्रांनो, मी एक जुना टेबलदिवा आहे. माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. हवी तशी मान वाकवता येते, एवढाच माझा गुण. याच एका गुणावर माणसेही नोकरीत तीस वर्षे काढतात. मी छत्तीस काढली, मावशीच्या रफूच्या दुकानात.

मावशी फाटक्या कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचेच धागे काढायची आणि भोकावर असे विणायची, की गिऱ्हाईक भोक शोधत बसायचे.

"कुठं होतं हो?"

"विसरा आता," मावशी म्हणायची आणि लाडाने मला टिचकी मारायची. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. माझ्याखाली मावशी होती.

एके दिवशी ती म्हणाली, "भावजी, उजेड कमी झालाय हो."

भावजी म्हणजे तिचे दीर, धंद्याने वायरमन. जगातल्या कुठल्याही दुःखावर त्यांच्याकडे एकच औषध : मोठा बल्ब. चाळीसचा काढून साठचा लावला. पुढच्या वर्षी शंभरचा. माझी पत्र्याची टोपी करपली. भिंतीवरच्या पालीने घर बदलले.

"आता?"

"मिणमिणतोच आहे मेला."

मित्रांनो, मी मिणमिणत नव्हतो. मी भगभगत होतो.

पुढे पुढे मावशी सुई ओवण्याआधी हात लांब करून माझी टोपी चाचपू लागली. चटका बसला की म्हणायची, "चालू आहे वाटतं." मला तेव्हाच सगळे कळले. सांगायला तोंड नव्हते, म्हणून दोनदा लुकलुकून पाहिले. भावजींनी होल्डर आवळला.

मग दोन कोट आले. एक काळा, एक गडद निळा. दोन्हींतून काढलेले धागे मावशीने शेजारी शेजारी ठेवले आणि काळ्या कोटाचे कोपर निळ्या धाग्याने विणले. वीण अप्रतिम होती. गिऱ्हाईक कोट घेऊन दाराबाहेर गेले आणि तसेच ओरडले, "मावशी, हा काय उजेड पाडलात?"

मावशी बाहेर गेली. तिने कोट उन्हात धरला. बराच वेळ धरला.

"काळाच तर आहे," ती हळूच म्हणाली.

मागोमाग बाहेर आलेले भावजी म्हणाले, "वहिनी, तो दिवाच भिकार आहे."

"तेच म्हणतेय ना मी कधीची!" मावशी घाईघाईने म्हणाली.

भर उन्हात उभे राहून दोघांनी दिव्याला दोष दिला. तिलाही कळलेले होते, मित्रांनो.

नवा दिवा आला. लख्ख पांढरा. पण तो गरमच होत नाही. मावशी त्याला चाचपते आणि विचारते, "भावजी, लावलाय ना?"

"लावलाय की. उद्या याच्याहून मोठा आणतो."

या जागी, दिव्यांची काळजी घ्या, असे सांगायची पद्धत आहे. राहू द्या. त्याऐवजी अर्ज करतो.

विनंती करण्यात येते की, यापुढील कोणताही दिवा आणण्यापूर्वी मावशीचे डोळे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. प्लग काढलेला असल्याने अर्जदार सुनावणीस हजर राहू शकत नाही. केवळ अर्जदार दिवा आहे, या कारणास्तव सदर अर्ज फेटाळण्यात येऊ नये.