वरचा एक मासा

विहाराच्या घाटावर मी पुण्यासाठी नदीत सोडायचे मासे विकते. लोक आपल्या वयाइतके घेतात आणि वर एक, येत्या वर्षाचा. तो नीट पोहून गेला की माणूस खुशीत घरी जातो. माझ्या धंद्याला हसणारे पुष्कळ आहेत. घरात दुखणं आलं की तेच बादली धरून उभे राहतात.

बुनरुअन आजीच्या पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणत होते, काढली तर जगेल. आजी हात लावू देईना. शेवटी तिनं लेकाला कबूल केलं, की वाढदिवसाला मासे सोडीन आणि वरचा मासा पोहून गेला तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात येईन.

तिचा लेक कामथोन म्हणजे आमच्या गावच्या सांडपाणी केंद्राचा साहेब. केंद्र घाटाला लागूनच आहे. टाक्यांत हवा सोडणारी यंत्रं तिथं रात्रंदिवस घरघरतात, तेव्हा कुठे ते पाणी नदीत सोडण्याजोगं होतं. नदी जपल्याबद्दल त्याला बक्षीसही मिळालेलं. त्याचा फोटो आजीनं घरच्या बुद्धमूर्तीखाली लावला होता.

वाढदिवसाच्या दिवशी कामथोननं पहाटेच यंत्रं बंद करायला लावली. आजीला कमी ऐकू यायचं, आज तरी भिक्खूंचे मंत्र तिच्या कानावर पडावेत म्हणून. मातृभक्ती उतू चालली होती. गावाचं सांडपाणी थोडंच थांबणार होतं? आटलेल्या नदीत ते जसंच्या तसं येत राहिलं.

पाण्याचा रंग बघून मी आजीला म्हटलं, मांगूर घ्या, चिवट असतो. तिला चंदेरीच हवे होते.

मंत्र झाले. कामथोननं मुद्दाम बोलावलेल्या नगराध्यक्षांनी स्वतः आजीला धरून पायरीवर बसवलं. बाकीचे मासे बादलीनंच सोडले, वरचा मात्र तिनं ओंजळीतून सोडला. तो हातभर गेला, वर आला आणि तोंडाची उघडझाप करत कुशीवर वळला. मागोमाग सगळेच वर आले. आजी त्या एकालाच बोटानं पुढं ढकलत राहिली.

"लमियत मावशी, रोगट मासे विकतेस होय?" कामथोन म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी आजीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आजी, मासे धडधाकट होते. तुमच्या लेकानं यंत्रं बंद ठेवलीत, सगळी घाण नदीत आलीय. तुमच्या नशिबाचा काही संबंध नाही यात."

आजीनं वर पाहिलं. "बंद केलीस का रे?"

कामथोननं नगराध्यक्षांकडे पाहिलं. केंद्राकडून जरासुद्धा आवाज येत नव्हता. आजी सोडून घाटावरच्या प्रत्येकाला ते कळत होतं आणि एकही जण तोंड उघडेना.

"नाही आई. चालू आहेत."

"मग माझेच दिवस भरलेत," आजी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माझ्या पोराला नावं ठेवू नकोस गं."

ती दवाखान्यात गेली नाही. कामथोननं पाय धरले, रडला, पण ते एक वाक्य काही त्याच्या तोंडून निघालं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आजी गेली. तिचे शेवटचे मंत्र विहारातच झाले. त्या दिवशी यंत्रं जोरात चालू होती आणि मंत्राचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी कामथोन घाटावर आला. आईच्या नावानं मासे सोडायचे आहेत, तिच्या वयाइतके दे, म्हणाला. मी बादली भरली.

"साहेब," मी विचारलं, "वर एक घालू?"