मिंकासाठी केलेलं काळं औषध

मी एक जुनी कुपी आहे. लायपझिगमधल्या एका प्रयोगशाळेत, फ्रिजच्या वरच्या जाळीवर उभी असते. बघणारे मला शाईची बाटली समजतात. समजोत बापडे. माझ्या पोटात लोखंडाचे इतके बारीक कण आहेत की एका केसाच्या जाडीवर हजारभर ओळीने बसतील, आणि प्रत्येकाच्या अंगावर कर्करोगाचं औषध चिकटवलेलं आहे.

मला इथल्या संशोधक विब्के लोमान बाईंनी सहा आठवडे खपून घडवलं. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर साखरेचा लेप चढवला. माझं काम ठरलेलं होतं. मिंका नावाच्या मांजरीच्या खांद्यांमध्ये कर्करोगाची गाठ होती. मला तिथे टोचायचं, बाहेरून लोहचुंबक धरून गाठीतच थोपवायचं, मग वीज सोडलेल्या तारेच्या वेटोळ्याने कण तापवायचे. गाठ आकसली की शस्त्रक्रिया. सोमवारी सकाळी नऊची वेळ दिली होती. मिंकाचे मालक ओटमार आजोबा, निवृत्त ट्रामचालक, मला आधीच बघून गेले होते.

"एवढीशीच?"

"पुरते एवढी," बाई म्हणाल्या.

"बघा हं. घरात आम्ही दोघंच. आणि त्यातली शहाणी ती."

शुक्रवारी प्रयोगशाळा पाहुण्यांसाठी खुली होती. आमचे प्रमुख ग्रासमुक साहेब यांनी मला उचललं, बाजूला जाडजूड चुंबक धरलं, आणि माझ्यातलं सगळं काळं त्या कडेला धावलं. टाळ्या पडल्या. त्यांनी पुन्हा तेच केलं. मित्रांनो, मला असा संताप आला म्हणून सांगू. औषध करायचं आणि माकडासारखं नाचवायचं.

आमच्याकडे शुक्रवारी चारनंतर चिटपाखरू थांबत नाही. तंत्रज्ञ युर्गेन कोट चढवत म्हणाले, "साहेब, ती कुपी बाईंची आहे. सोमवारची."

"ठेवतो ना जागेवर. मी काय पाहुणा आहे इथे?"

ठेवलं खरं. मला जाळीवर, आणि ते चुंबकही नीटनेटकं माझ्या शेजारी, जाळीला चिकटवून. पसारा म्हणून खपत नाही साहेबांना. शनिवार, रविवार ते मला ओढत राहिलं. मला ना तोंड, ना हात. ओरडणार कशी?

सोमवारी बाईंनी मला उजेडात धरलं. एका कडेला काळा गोळा बसला होता. त्यांनी हलवलं, गाळलं, गोळा फुटावा म्हणून ध्वनिलहरींच्या टबात बसवलं. गुठळ्या सुटेनात. अशी गुठळी रक्तात शिरली तर रक्तवाहिनीच तुंबते.

"नवीन करा," साहेब म्हणाले. "होतं असं कधीकधी."

"सहा आठवडे लागतात. तेवढं त्या गाठीला थांबायला सांगा तुम्ही."



बाहेर ओटमार आजोबा मांडीवर मिंकाची टोपली घेऊन बसले होते. बाईंनी त्यांना खरं ते सांगितलं.

"म्हणजे कुणीतरी खेळलं हिच्या औषधाशी?"

"हो."

आजोबांनी टोपलीच्या जाळीतून एक बोट आत घातलं. मिंकाने ते चाटलं.

गाठ तशीच कापावी लागली. ती पुरती निघाली नाही. नाताळच्या आत परत आली आणि मिंका गेली.

मला अजून कुणी फेकलेलं नाही. पाहुण्यांना दाखवायला बरी पडते म्हणे. मित्रांनो, कुणाच्या उपचाराची वस्तू हातात आली तर आधी विचारा, ही कुणासाठी आहे? माझ्या पोटात औषध अजून आहे. मिंकापर्यंत पोचायला मला फक्त शुक्रवार ते सोमवार कुणी हात लावायला नको होता.