तिजोरीतला मेल

वार्ना बंदरावर आमची जहाजांच्या कागदपत्रांची कचेरी. कॉम्प्युटर गच्च भरला म्हणून शुक्रवारी मी सगळा मेल बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवला. आता मेल हिच्यातूनच उघडतो, ही काढायची नाही, असं स्तोयमेन साहेबांना दोनदा बजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि शनिवारी डिस्क तिजोरीत बंद करून, किल्ली लपवून द्राक्षतोडणीला गावी निघून गेले.

आज सोमवार. धक्क्यावर जहाज खोळंबलंय, त्याची कागदं मेलमध्ये आहेत, कप्तान दर पाच मिनिटांनी फोन करतोय आणि मी खिडकी ते तिजोरी येरझारा घालतेय. अकराला एकदाचा साहेबांचा फोन लागला.

"डिस्क कशाला काढलीत?"

"अगं रुमेना, एवढी मोलाची वस्तू कुणी उघड्यावर ठेवतं का?"

"बरं. किल्ली कुठंय?"

"नवीन जागी ठेवली. नेमकी कुठं, ते आठवत नाही बघ."

"साहेब..."

"चिडू नकोस. माझं डोकं मला ठाऊक आहे. विसरेन म्हणून डिस्क काढायच्या आधी तुझ्याच मेलमध्ये लिहून ठेवलंय. उघडून बघ ना."